वगळलेला रस्ता

नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. विमानाला दीड तास पुरतो. नेरच्या प्रवाशाला मात्र एसटीने नागपूर गाठण्यासच याहून अधिक वेळ लागतो. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. हे विमानतळ नेरच्याच रस्त्यावर आहे. पण विमानाच्या वेळापत्रकात तो रस्ता कधीच मोजला जात नाही. साहित्याने तरी तो मोजावा. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधून १८५७ चा काळ कळतो, तो वाटेतल्या मुक्कामांमुळे. आमचे आजचे प्रवासवर्णन बहुधा परक्या विमानतळावर उतरल्यावरच सुरू होते. घरापासून विमानतळापर्यंतचा टप्पा गाळणे म्हणजे, आमच्या मते, लेखकाने स्वतःचा प्रदेशच गाळणे होय.