सोलेशियम : दिलासा नव्हे, देणे

१/ भूसंपादनाच्या निवाड्यात जमिनीच्या किमतीखाली आणखी एक रक्कम लिहिलेली असते : सोलेशियम. मराठीत तिला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. नवी मुंबई ज्या जमिनींवर उभी आहे, त्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर या जुन्या शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक हवा.

२/ मूळ शब्द लॅटिन, अर्थ सांत्वन. स्कॉटलंडच्या कायद्यात दुखावलेल्या मनाची भरपाई म्हणजे सोलेशियम. रोजच्या इंग्रजीतून हा शब्द जवळजवळ लोपला; आपल्या भूसंपादनाच्या कागदांत मात्र टिकून राहिला.

३/ १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २३(२) पाहा. बाजारभावावर १५ टक्के अधिक द्यावेत, असे ते मुळात सांगत होते आणि कारणही नोंदवत होते : संपादनाचे सक्तीचे स्वरूप. म्हणजे बाजारभाव हे जमिनीचे मोल. ही रक्कम मात्र हिरावून घेतलेल्या नकाराची.

४/ १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या खासगी जमिनींचे संपादन याच कायद्याने झाले. भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या मालकांना ‘विकायचे नाही’ असे म्हणण्याची मुभा नव्हती.

५/ जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १५ चे ३० टक्के झाले. ती दुरुस्ती देशभरासाठी होती आणि १९८२ पासून संसदेपुढे होती. २०१३ च्या कायद्याने हे प्रमाण १०० टक्क्यांवर नेले.

६/ १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली : संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत. कायद्याच्या भाषेत हे सोलेशियम नव्हे. तर्क मात्र तोच.

७/ म्हणून ‘दिलासा’ हा शब्द मला खटकतो. दिलासा देणारा उदार ठरतो, घेणारा उपकृत. मग ‘प्रकल्पग्रस्तांना भूखंड फुकट मिळाले’ असे याच शहरात सहज बोलले जाते. ‘सक्तीची भरपाई’ म्हणावे. त्यात निदान सक्ती कोणी केली आणि देणे कोणाचे, हे विसरता येत नाही.