हरलेल्या पोरींचं काय?

अकोल्यातल्या आमच्या किशोरी गटात परवा चांगलंच भांडण जुंपलं. विषय होता महिला प्रीमियर लीग. दिल्लीचा संघ 2023, 2024 आणि 2025 अशी तीन वर्षं साखळीत पहिला आला आणि तिन्ही वेळा अंतिम सामना हरला. अर्ध्या पोरींचं म्हणणं, चषक दिल्लीलाच मिळायला हवा होता. 2024 मध्ये तर दिल्लीने साखळीतले आठपैकी सहा सामने जिंकले होते आणि चषक नेला चारच जिंकलेल्या बंगळूरने. आठ सामन्यांची मेहनत एका संध्याकाळी वाया जावी, हा कुठला न्याय?

मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूची. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होते. पहिलं आल्याचं फळ म्हणून दिल्लीला थेट अंतिम फेरी मिळालीच होती. शिवाय 2023 आणि 2025 मध्ये मुंबईचे गुण दिल्लीइतकेच होते. फरक होता तो धावगतीचा. तेव्हा अन्याय झाला, असं मला म्हणवत नाही.

पण पोरींचा राग खोटा नव्हता. कोपऱ्यात बसलेली एकजण म्हणाली, “ताई, दिल्लीवाल्या हारल्या त पुढच्या साली पुन्हा खेळल्या. मी तालुक्याले एक सामना हारली, त बाप म्हणे, जितली असती त पाह्यलं असतं. आता पुरे.” तिची कबड्डी तिथेच संपली. तिचा भाऊ मात्र दरवर्षी हरून येतो आणि दरवर्षी खेळायला जातो.

मैत्रिणींनो, खरा वाद इथे आहे. मुलाला खेळायला कारण लागत नाही. मुलीला मात्र जिंकून दाखवून खेळण्याची परवानगी कमवावी लागते. आपल्या अमरावतीची भारती फुलमाळी 2019 मध्ये भारताकडून दोन टी-ट्वेंटी सामने खेळली आणि मग संघाबाहेर गेली. तिने खेळ सोडला नाही. 2025 च्या लीगमध्ये ती गुजरातकडून खेळत होती. बाहेर पडल्यावरही मैदानावर टिकून राहता आलं, म्हणून पुढचं घडलं.

त्या मुलीच्या वडिलांना भेटायला आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. ‘ती जिंकेल’ असं वचन मुळीच देणार नाही. तिला हरण्याचाही हक्क आहे, एवढंच सांगू.

तुमच्या गावात एका हरण्याने खेळ सुटलेल्या मुली किती? पुढच्या बैठकीत एवढा एक प्रश्न जरूर विचारा.