व्यसनी घरातील मुले

फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन'चे कार्य आरंभिले. व्यसन हा आजार आहे, हे आपल्या भाविकांना आता बरेचसे उमगले आहे. व्यसनाधीन माणसाच्या पत्नी-मुलांकडे मात्र आपण उशिराच वळतो. मूल मार खाते आणि 'घरची गोष्ट' म्हणून शेजारी दार लावून घेतात. लैंगिक अत्याचाराबाबत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हे मौन गुन्हा ठरविले आहे. कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, मग तो धर्मगुरू का असेना. (पापनिवेदनातील गुप्ततेचा प्रश्न निराळा व अवघड आहे.) १०९८ वर मूल स्वतःही दूरध्वनी करू शकते. आपल्या किती धर्मशिक्षण वर्गांत हा क्रमांक फळ्याशेजारी लिहिलेला आहे?