दलालांचे हित आणि बाजाराची पत

१ जुलै १८६५ हा मुंबईतल्या शेअरच्या वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. कित्येक महिने आधी करून ठेवलेल्या सौद्यांचे पैसे त्या दिवशी मोजायचे होते, आणि ते मोजण्याची ऐपत फारच थोड्यांकडे उरली होती. अमेरिकेतले यादवी युद्ध एप्रिलमध्ये संपले होते. ते चालू असताना लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तो पैसा मुंबईत उतरला आणि नव्या बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांत शिरला. बॅक बे रेक्लमेशनच्या ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला होता. युद्ध संपल्याची बातमी येताच आधी कापूस घसरला, मग शेअर आणि मग माणसे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान वैद्यही त्यात पोळला. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

या सगळ्या खेळाचा नायक प्रेमचंद रायचंद. सुरतेहून आलेल्या या कापूस आणि शेअरदलालाच्या शब्दावर बँका कर्जे देत आणि कंपन्या उभ्या राहत. भरभराटीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुढे १८७८ मध्ये पुरा झाला. आज त्या टॉवरकडे बघताना दातृत्व आठवते, त्यामागची पडझड आठवत नाही. मुंबई अशा बाबतीत विसरभोळी आहे. बुडालेल्या दलालांना मात्र काही विसरून चालण्यासारखे नव्हते. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणारे, पोलिसांनी हटवले की पुढच्या कोपऱ्यावर जाणारे हे लोक एकमेकांच्या तोंडी शब्दावर धंदा करत होते, आणि १८६५ ने नेमका तो शब्दच खोटा पाडला होता.

म्हणून त्या पडझडीनंतर दहा वर्षांनी, ९ जुलै १८७५ रोजी, ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन झाली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. संस्थापकांत प्रेमचंद रायचंद यांचे नाव अग्रभागी आहे. ज्याच्या नावावर शहर बेभान झाले, त्याच्याच पुढाकाराने शिस्तीची संस्था निघावी, हे वरवर विचित्र वाटते. पण नियमांची गरज नियम नसताना हात पोळलेल्यांनाच आधी कळते. २०२५ च्या जुलैमध्ये या घटनेला दीडशे वर्षे झाली, तेव्हा समारंभ मुंबई शेअरबाजाराचा, म्हणजे बीएसईचा, झाला. मूळ संस्था बाजाराची नव्हती, दलालांची होती, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

१८८७ च्या डिसेंबरमध्ये संस्थेची रीतसर घटना लिहिली गेली. त्यात हेतू मांडले होते ते असे: दलालांची प्रतिष्ठा, दर्जा आणि हितसंबंध जपणे, सचोटीच्या व्यवहाराला उत्तेजन देणे, गैरव्यवहार मोडून काढणे, आपसातले तंटे सोडवणे. पहिला हेतू कोणत्याही धंदेवाल्यांच्या संघाचा असतो. नंतरचे हेतू न्यायाधीशाचे आहेत. एकाच कागदावर, एकाच समितीच्या हाती दोन्ही सोपवले होते, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे ही संस्था एका अंगरख्यात दोन माणसे कोंबावीत तशी चालत राहिली.

वाढ कशी झाली ते फीच्या आकड्यांवरून दिसते. एक रुपयाची प्रवेश फी १८७७ मध्ये पाच रुपये झाली, १८९६ मध्ये हजार, १९१६ मध्ये अडीच हजार, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत, १९२० साली, ४८,००० रुपये. या काळात सभासद ३१८ वरून गेले किती? ४७८ पर्यंत. गिरण्या वाढल्या, टाटांचा पोलाद कारखाना उभा राहिला, शेअर घेणारे वाढले. संस्थेचे दार मात्र अरुंदच राहिले आणि दारातून आत जाण्याची किंमत तेवढी वाढली. सभासदत्वाला बाजाराच्या भाषेत ‘कार्ड’ म्हणत. कार्ड ही मालमत्ता झाली, आणि मालमत्ता झाली की मालकाला तिची राखण सुचते. यात सगळे वाईटच होते असे म्हणता येणार नाही. आत आलेला माणूस ओळखीचा असायचा, हातांच्या खुणांवर नि तोंडी बोलांवर लाखोंचे सौदे व्हायचे आणि बहुतेक पाळले जायचे. बदनाम झालेल्या दलालाला रिंगणात उभे राहणे कठीण जायचे. कायदा लुळा होता, कोर्ट लांबचे होते. अशा काळात हा बंदिस्त गोतावळाच बाजाराची पत सांभाळत होता.

पण गोतावळ्याला स्वतःच्या माणसाचा निवाडा करणे जड जाते. वायदेबाजारातल्या अतिरेकांवरून ओरड वाढली तेव्हा मुंबई सरकारने १९२३ मध्ये सर विल्फ्रेड अ‍ॅटली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, १९२५ मध्ये कायदा केला आणि १९२७ मध्ये संस्थेला मान्यता दिली. मान्यता म्हणजे आदर, आणि तिच्यासोबत लगामही. नेमके त्या १९२३ सालीच के. आर. पी. श्रॉफ अध्यक्ष झाले. ते १९६६ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, त्या खुर्चीवर होते. त्यांच्यानंतर फिरोज जीजीभॉय आले आणि १९८० पर्यंत राहिले. दलाल स्ट्रीटवरच्या उंच इमारतीला त्यांचेच नाव आहे. दोन माणसे, सत्तावन्न वर्षे. एवढ्या काळात मंदी आली, युद्ध झाले, फाळणी झाली, १९५६ चा प्रतिभूती करार नियमन कायदा आला आणि १९५७ मध्ये त्याखाली मुंबईला कायमची मान्यता मिळाली.

हे नेतृत्व मोठे होते यात शंका नाही. सरकारच्या दारात दलालांच्या वतीने बोलेल आणि दलालांसमोर सरकारचे म्हणणे मांडेल असा अध्यक्ष असणे ही त्या पिढीची मोठी पुंजी होती. पण माणूस भक्कम असला की नियम ढिले असल्याचे लवकर कळत नाही. अध्यक्षाचा शब्द चालायचा, म्हणून स्वतंत्र देखरेखीची गरज कोणाला वाटली नाही. खुर्ची रिकामी झाल्यावर ही उणीव उघडी पडली.

बदल्याचे उदाहरण घ्या. शेअर घेतला पण पैसे भरायचे नाहीत, व्याज देऊन सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायचा, ही बदल्याची पद्धत. सरकारने जून १९६९ मध्ये वायदे बंद केले. बाजाराने ते मनावर घेतले नाही. बदला मागच्या दाराने परतला आणि संस्थेनेही त्याला आश्रय दिला, कारण सभासदांचा धंदा त्यावर चालत होता. १९८२ मध्ये मंदीवाल्यांनी हाती नसलेले रिलायन्सचे शेअर विकले, समोरच्यांनी शेअरच हातात द्या म्हणून हट्ट धरला, आणि बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. दोन सभासदगटांच्या भांडणात निवाडा सभासदांच्याच समितीला करायचा होता. बाहेर बसलेल्या, आयुष्याची बचत घातलेल्या भागधारकाची बाजू मांडायला त्या खोलीत कोणी नव्हते.

१९९२ साल याच ओघातले आहे. एप्रिलमध्ये पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने बँकांचा पैसा शेअरबाजारात कसा वळला ते उघड झाले आणि शेअरदलाल हर्षद मेहता हे नाव घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी ‘सेबी’ या बाजारनियामक संस्थेला कायद्याचे बळ मिळाले. सेबीने दलालांना नोंदणी करा आणि उलाढालीनुसार फी भरा म्हटले; दलालांनी बाजार बंद पाडून उत्तर दिले. फीचा हा वाद दलालांच्या फोरमने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि तिथे २००१ मध्ये सेबीची बाजू उचलून धरली गेली. दलालांना फी जाचक वाटणे समजू शकते. पण घोटाळ्याच्या धक्क्यातून शहर सावरले नव्हते तेव्हा बाजार चालवणारी संस्था संपात उतरलेल्यांचीच असावी, ही अडचण कोणत्याही फीपेक्षा मोठी होती.

सरकारने या संस्थेशी वाद घालण्याऐवजी शेजारी दुसरे दुकान मांडले. आर. एच. पाटील यांच्या हाताखाली राष्ट्रीय शेअरबाजाराने, एनएसईने, नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरच्या व्यवहारांना सुरुवात केली. मालकी वित्तसंस्थांची, सौदे संगणकाच्या पडद्यावर, दलाल फक्त ग्राहक. मुंबईबाहेरचा दलाल उपग्रहाच्या जोडणीवरून सौदा करू लागला. जुन्या बाजारानेही मार्च १९९५ मध्ये आपली संगणक व्यवस्था आणली, रिंगणातला गलबला थांबला. पण नव्या बाजाराने वर्षभरातच उलाढालीत जुन्याला मागे टाकले. एकशे वीस वर्षांची मक्तेदारी बारा महिन्यांत संपते, तेव्हा ती आधीच पोखरलेली असते.

शेवटचा धक्का मार्च २००१ मध्ये बसला. भाव कोसळत असताना अध्यक्षांनी देखरेख विभागाकडून माहिती मागवल्याचा वाद उठला, अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि सेबीने संचालक मंडळावरच्या निवडून आलेल्या दलालांना दूर केले. जुलैमध्ये बदलाही संपला. व्यक्ती दोषी होती की नव्हती, हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. ज्याचा स्वतःचा धंदा त्याच बाजारात आहे, त्याच्या टेबलावर इतरांच्या सौद्यांची माहिती येऊ शकते, अशी घडणच चुकीची होती. ती १८८७ च्या कागदाने आखून दिली होती.

ऑगस्ट २००५ मध्ये संघाची कंपनी झाली. कार्ड आणि मालकी यांची फारकत झाली, कार्डधारकांना शेअर मिळाले, निम्म्याहून अधिक मालकी दलालांच्या बाहेर गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये बीएसईचे शेअर बाजारात आले तेव्हा त्यांची नोंदणी एनएसईवर झाली, कारण कोणत्याही बाजाराला स्वतःची नोंदणी स्वतःवर करता येत नाही. २०१२ च्या नियमांपासून शेअरबाजाराच्या संचालक मंडळावर एकाही दलालाला बसता येत नाही. व्यवहार कर, मार्जिनचे नियम, छोट्या दलालांचे वाढते खर्च हे प्रश्न त्यांच्या वेगळ्या संघटना सेबीपुढे आणि अर्थमंत्रालयापुढे मांडतात. तिथे त्यांचे ऐकले जाते ते एक पक्षकार म्हणून.