मानसिक आजाराची औषधे: सोळाव्या दिवसापासून मोफत गोळी कुठे मिळेल?

तुमच्या घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन ही नावे तुम्ही चिठ्ठीवर पाहिली असतील. या गोळ्यांमुळे भास आणि संशय कमी होतात. पण बरे वाटू लागले तरी त्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. मध्येच बंद पडल्या की आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून औषध सुरू होणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते न तुटता मिळत राहणेही महत्त्वाचे आहे.

आयुष्मान कार्ड कुठपर्यंत चालते?

अनेक कुटुंबांचा समज असतो की कार्ड आहे म्हणजे गोळ्याही मिळतील. प्रत्यक्षात प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. घरी सोडल्यानंतरची औषधे त्यात १५ दिवसांपर्यंत धरली जातात. सोळाव्या दिवसापासूनची, म्हणजे पुढे वर्षानुवर्षे लागणारी गोळी, या कार्डावर मिळत नाही. नेमक्या याच टप्प्यावर अनेकांचे औषध सुटते.

मग हक्क कोणता?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे मानसिक आजार असलेल्या सर्वांना, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. ही जबाबदारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांवर आहे. महाराष्ट्रात या स्तरावर ग्रामीण रुग्णालय असते. या औषधांसाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत वरील तिन्ही औषधे आहेत.

अडचण अशी की मनोविकारतज्ज्ञ बहुधा जिल्हा रुग्णालयातच भेटतात. तिथे जायचे तर भाडे लागते आणि दिवसाची मजुरीही बुडते. त्यात औषध शिल्लक नसेल तर फेरी वाया जाते. म्हणून हे करा:

- गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच रुग्णालयात जा.
- ‘हे औषध जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्रातून मिळेल का?’ असे डॉक्टरांना विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तुमच्या तालुक्यात कधी येते, तेही विचारून घ्या.
- औषध नाही असे सांगितले, तर प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मानसोपचार देणाऱ्या संस्थेतील त्रुटींबाबत दाद मिळाली नाही, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.
- तोपर्यंत खंड नको म्हणून जन औषधी केंद्रात चौकशी करा. औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून पाहा.

घरी काळजी कशी घ्यावी?

- गोळी रोज ठरलेल्या वेळी द्या. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.
- क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त काळ घेतले गेले नसेल, तर जुना डोस स्वतःहून सुरू करू नका. ते पुन्हा कमी मात्रेपासून सुरू करावे लागते. आधी डॉक्टरांना विचारा.
- गोळी जेवणात लपवून देऊ नका. ते कळले की विश्वास तुटतो. गोळी का नको वाटते ते शांतपणे विचारा. बरेचदा कारण झोप, थरथर किंवा वाढलेले वजन हे असते. डोस किंवा औषध बदलून त्यावर उपाय होऊ शकतो.
- चक्कर येऊ नये म्हणून अंथरुणातून सावकाश उठायला सांगा. उन्हात जड काम टाळा, पाणी भरपूर द्या. दारू पूर्ण टाळा.
- वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर डॉक्टर सांगतील तेव्हा तपासा.
- क्लोझापिन चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका. बिडी-सिगारेट सोडायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण सोडल्यावर रक्तातील औषधाचे प्रमाण वाढते.
- गर्भधारणा झाली किंवा हवी असेल, तरी गोळी अचानक थांबवू नका. लवकर डॉक्टरांना भेटा.

तातडीने रुग्णालयात कधी न्यावे?

खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, घाम आणि गोंधळलेली अवस्था ही लक्षणे एकत्र दिसली तर जिवाला धोका असतो. पुढची गोळी न देता १०८ किंवा ११२ वर फोन करा. मान किंवा जबडा अचानक वाकडा होणे, डोळे वर फिरून तिथेच राहणे, यासाठीही लगेच न्या. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. जाताना सर्व औषधांची पाकिटे सोबत न्या.

पाय स्थिर न राहणे, सतत येरझाऱ्या घालणे हा आजार वाढल्याचा ‘हट्ट’ समजू नका. तो औषधाचाही परिणाम असू शकतो. पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

मराठीत सल्ला कुठे मिळेल?

टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि सल्ला मोफत मिळतो. कामासाठी सुरत, इंदूर किंवा हैदराबादला राहत असाल, तरी मराठीत बोलण्याची सोय मागा. गाव बदलताना जुनी चिठ्ठी आणि डोसचा कागद जवळ ठेवा. नव्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात तो दाखवला, तर गोळी न तुटता पुढे चालू ठेवणे सोपे जाते.