आजारपणाचे ओझे कोणी वाहायचे?

मोरिवलीची औद्योगिक वसाहत आणि तिच्या भोवतालची अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर ही शहरे श्रमिकांची शहरे आहेत. येथील अनेक कुटुंबे सार्वजनिक सेवेच्या आधारावर उभी राहिली. कोणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, कोणी रेल्वेत, कोणी नगरपरिषदेत, तर कोणी पहाटेची लोकल गाठून मुंबई महानगरपालिकेत आयुष्य वेचले. या कुटुंबांपुढे आज एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उभा आहे. मिळकत फारशी वाढत नाही. परंतु आरोग्य विम्याचा हप्ता दरवर्षी वाढतो. कर्मचारी यासाठी संघटित होतात, तेव्हा त्यांच्याकडे ख्रिस्ती दृष्टीने कसे पाहावे, याचा विचार आपण करावयास हवा.

प्रथम मुंबई महानगरपालिकेचे उदाहरण घेऊ. सुमारे एक लाख कर्मचारी असलेल्या या संस्थेने 2015 साली गट आरोग्य विमा योजना सुरू केली. दोन वर्षांनी विमा कंपनीने वाढीव हप्ता मागितला, महापालिकेने तो देण्यास नकार दिला आणि 2017 मध्ये योजना बंद पडली. कंपनीने आपला हिशेब मांडला, प्रशासनाने आपला. या दोन हिशेबांच्या मध्ये ज्यांची शस्त्रक्रिया ठरली होती, ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण होता, त्यांचा हिशेब कोणी मांडला? योजना पुन्हा सुरू व्हावी म्हणून कामगार संघटनांनी वारंवार मागणी केली, ती याच कारणास्तव.

दुसरे उदाहरण सार्वजनिक बँकांतील निवृत्तांचे. 2015 च्या वेतन करारानंतर त्यांच्यासाठी गट विमा आला. परंतु हप्त्याचा भार निवृत्तांनी स्वतःच उचलावा, अशी त्याची रचना होती. महागाई भत्ता सोडला तर त्यांचे मूळ निवृत्तिवेतन सेवेतील सहकाऱ्यांच्या प्रत्येक करारासोबत सुधारले जात नाही. हप्त्याचे गणित मात्र उलट चालते. गेल्या वर्षी जितके दावे आले, त्यावर पुढील वर्षाचा हप्ता ठरतो. वय वाढते तसे दावे वाढतात. हप्ता वाढला की तुलनेने निरोगी मंडळी योजनेतून बाहेर पडतात, मागे अधिक आजारी राहतात आणि हप्ता पुन्हा वाढतो. त्यावर 2017 पासून 18 टक्के वस्तू व सेवा कराची भर पडली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील हा कर रद्द झाला. गट विम्याला मात्र ती सवलत मिळाली नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत दुर्बल घटकाचे, म्हणजे कंत्राटी कामगाराचे. आपला कचरा उचलणारे आणि गटारे साफ करणारे कितीतरी हात आज कंत्राटी आहेत. 2021 साली केंद्रीय श्रम मंत्रालयाने नगरपालिकांतील कंत्राटी व नैमित्तिक कामगारांनाही राज्य कामगार विम्याचे संरक्षण मिळावे, असे पाऊल उचलले. हा विमा गरिबाला खराखुरा आधार आहे. कामगाराने वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाने 3.25 टक्के भरावयाचे असतात. मासिक 21,000 रुपये वेतन असलेला कामगार 157 रुपये 50 पैसे भरतो आणि त्याच्या कुटुंबाला उपचाराचा हक्क मिळतो. उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयाची पायरी आपल्यापैकी अनेकांनी चढली असेल.

परंतु येथेही एक विपरीत गोष्ट दडलेली आहे. या विम्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2017 रोजी 21,000 रुपये करण्यात आली आणि त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ ती तशीच राहिली. वेतन 20,800 वरून 21,300 झाले, की चालू सहामाहीनंतर कामगाराचा भरणा थांबतो आणि पुढे काही महिन्यांनी उपचाराचा हक्कही संपतो. पाचशे रुपयांची वाढ घरात येते आणि सबंध कुटुंबाचे छत्र घराबाहेर जाते. वेतन आणि आरोग्य हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

काही जण विचारतील की, शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मग अडचण कोठे? 1 जुलै 2024 पासून ही योजना सर्व कुटुंबांसाठी वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत विस्तारली, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि ती ठरावीक रुग्णालयांतील ठरावीक उपचारांपुरती आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचे पैसे खिशातूनच जातात.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत सुस्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला. 2025 साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच विश्वपत्राचे स्मरण केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झरचेन्स’मध्ये म्हटले की, कामगाराला वैद्यकीय साहाय्य सहज, आणि शक्य तितके स्वस्त किंवा विनामूल्य मिळावयास हवे. संप हे त्यांनी न्याय्य, परंतु अखेरचे साधन मानले आणि अत्यावश्यक सेवा बंद पडता कामा नयेत, असेही बजावले.

हा इशारा आपल्या अनुभवाशी जुळतो. जुन्या निवृत्तिवेतनासाठी 14 ते 20 मार्च 2023 या काळात महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला. मागणी म्हातारपणाच्या सुरक्षिततेची होती. तरी सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्याचा फटका खासगी रुग्णालय न परवडणाऱ्यांना बसला.

याच प्रश्नावर अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 2018 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेला शिक्षकांचा संप म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे. तुटपुंजे वेतन आणि वाढता विमाखर्च यांमुळे सर्व 55 परगण्यांतील शाळा बंद झाल्या. शाळेतील जेवणावर अवलंबून असलेली मुले उपाशी राहू नयेत म्हणून शिक्षकांनी स्वतः अन्नाची पाकिटे बांधली; काही चर्चनीही हात दिला. शिक्षकांना 5 टक्के आणि इतर राज्य कर्मचाऱ्यांना त्याहून कमी वाढ देऊ केली गेली, तेव्हा शिक्षक कामावर परतले नाहीत. सर्वांना 5 टक्के वाढ मंजूर झाली, तेव्हाच शाळा उघडल्या.

आमच्या मते यातून दोन बोध घ्यावयाचे आहेत. एक, आंदोलन करताना सर्वांत दुर्बलाची भाकर व औषध सुरक्षित राहिले पाहिजे. दुसरा, कायम कर्मचाऱ्याने आपल्या मागणीपत्रात कंत्राटी सहकाऱ्यालाही स्थान दिले पाहिजे. एकाच रस्त्यावर एकच झाडू मारणाऱ्या दोघांपैकी एकाला विमा आणि दुसऱ्याला नशीब, ही वाटणी ख्रिस्ती मनाला पटणारी नाही.

धर्मग्रामांनाही येथे कार्य आहे. राज्य कामगार विम्याची नोंदणी, मालकाने भरणा केला की नाही याची तपासणी, जन आरोग्य योजनेची कागदपत्रे यांत मदत करणारे प्रापंचिक आपल्यातच आहेत. निवृत्त बँक कर्मचारी आणि परिचारिका यांनी मिस्सानंतर एक तास दिला, तरी अनेक घरांचा खर्च वाचेल.

चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि मालकाला दोन दिनार दिले. तेवढ्यावर तो थांबला नाही. अधिक खर्च झाला तर परतताना फेडीन, असा शब्द त्याने दिला. आपल्या काळातील विमा पहिल्या दोन दिनारांचे मोजमाप चोख करतो. त्यापुढील खर्चाचा शब्द कोणी द्यावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. तो एकट्या रुग्णावर सोडून देणारा समाज रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जाणाऱ्यांच्या पंक्तीत बसतो. आपण त्या पंक्तीत नसावे, यासाठी प्रभूजवळ प्रार्थना करू या आणि संघटित श्रमिकांच्या पाठीशी उभे राहू या.