घर जपले, थडगे रानात
लोकांचे कपडे धुणाऱ्या आईची गाठोडी पोचवीत वाढलेल्या मॅगी लीना वॉकर यांनी १९०३ साली अमेरिकेतील रिचमंड शहरी कृष्णवर्णीयांची बँक स्थापिली. नावातच ‘पेनी’, म्हणजे पै-पैशाची बचत! १९३४ साली त्या निवर्तल्या. एव्हरग्रीन दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. १९७८ साली त्यांचे राहते घर राष्ट्रीय स्मारक ठरले. दफनभूमी मात्र रानाने गिळली. २०१७ साली शहरात पुतळाही उभा राहिला. पुतळ्याचा खर्च एकदाचा, थडग्याची निगा दरसालची. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी सैनिकांच्या थडग्यांना व्हर्जिनिया राज्य कित्येक दशके अनुदान देत आले. एव्हरग्रीनसाठी तसा कायदा व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले, हा निव्वळ विसराळूपणा खचित नव्हे. तोवर तेथील वेली तोडीत होते ते स्वयंसेवक.